कुंपण नसलेला कागद

दापोडीच्या वनस्पतिचित्रांपुढे बसलं की आधी चुटपुट लागते ती चित्रकाराच्या नावाची. ते कुणालाच ठाऊक नाही. १८४७ ते १८५० या काळात पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेत एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराने जलरंगांत सुमारे १७० चित्रं रंगवली. ती करवून घेणारे डॉ. अलेक्झांडर गिब्सन मात्र इतिहासात ठळक आहेत: शल्यवैद्य, बागेचे अधीक्षक आणि १८४७ पासून मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक. चित्रं आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनच्या संग्रहात आहेत. हेन्री नोल्टी यांनी २००२ साली त्यांवर ग्रंथ लिहिला.

या संग्रहात सह्याद्रीतल्या रानवनस्पती आहेत, तशीच परदेशाहून आणून बागेत जपलेली झाडंही. बागेत गेलं तर कोणतं झाड कौतुकाचं आणि कोणतं आपसूक उगवलेलं, हे आळं बघूनच कळतं. कागदावर आळं नाही, माती नाही, माळी नाही, आभाळसुद्धा नाही. पांढऱ्या कागदावर एक फांदी, बस. तिथे लाडाचं फूल आणि रानफूल एका पंगतीला येतात. मला या चित्रांचं खरं मोठेपण इथे दिसतं. काम शास्त्राचं होतं, पण नजर कुणालाही डावं-उजवं करत नाही.

आमच्या नगरच्या निजामशाही चित्रांशी हे ताडून पाहावं. १५६५च्या सुमाराच्या ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ या पोथीत (ती पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात आहे) स्त्रीच्या स्पर्शाने झाड फुलतं, असं एक देखणं चित्र आहे. झाडाचे डोहाळे पुरवण्याचा हा संकेत कालिदासातही आढळतो. ते फुलणं कुणासाठी तरी आहे. दापोडीचं फूल कुणासाठीच फुललेलं नाही, आणि तरी चित्रकाराने त्याच्यावर तितकाच जीव लावला आहे.

हे जीव लावणं म्हणजे काय, ते हातात कुंचला घेतल्यावर कळतं. नगरमधल्या सावेडीच्या गुलमोहर रस्त्याला नाव देणारं झाड मूळचं मादागास्करचं. त्याचा लाल रंग कुणालाही भुलवतो. पण नगरच्या माळावरचा तरवड रंगवायला घ्या. पाच पिवळ्या पाकळ्या, कडा चुरगळल्यासारख्या, त्यांवर नारिंगी शिरांची जाळी, आणि मधून खाली झुकलेले तपकिरी, वाकडे पुंकेसर. पिवळ्याची सावली करायला काळा मिसळला की रंग हिरवट होऊन मरतो. तिथे जांभळ्याचा अगदी पातळ हात द्यावा लागतो. उजेड दाखवायचा तर कोरा कागदच राखावा लागतो. एकदा बुजला की तो उजेड परत आणणं फार कठीण. आणि तोडलेली फांदी तोवर माना टाकू लागते. जलरंगाला घाई चालत नाही, फुलाला उशीर चालत नाही. दापोडीच्या चित्रकाराने हा पेच एकदा नव्हे, चित्रागणिक सोडवला.

नगरमध्ये चित्रकलेचे वर्ग घेणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे. पावसाळा सरताना मुलांना एकदा माळावर न्या आणि कुंडीतल्या गुलाबाआधी त्यांच्यापुढे तरवडाची फांदी ठेवा.