लोखंड किती, कागद किती

माझा मावसभाऊ डॅलसजवळ राहतो. मार्चमधल्या एका रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. "तू धातूंची डॉक्टर ना? मग सांग, एका जुन्या कोल्टला साडेअठरा हजार डॉलर जास्त होतात का?" पाठोपाठ बावीस फोटो आले. कोल्ट सिंगल अ‍ॅक्शन आर्मी, १८८०च्या दशकातलं. विकणाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे ते एका टेक्सास रेंजरचं होतं.

दादा जुन्याच रिव्हॉल्व्हरच्या मागे का, याला कारण आहे. तो अजून एच-वन-बीवर आहे. शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले तर व्हिसावरच्या माणसाला इथे बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. पण १८९८ किंवा त्याआधी बनलेलं शस्त्र त्या कायद्याच्या व्याख्येत बंदूकच नाही, ते अँटिक. राज्याराज्यांचे नियम निराळे. दादाने टेक्सासचे बघून ठेवले होते. नवं पिस्तूल चालत नाही पण ज्याने कदाचित माणूस मेला असेल असं जुनं चालतं, हे ऐकून मला हसू आलं. पुढचं ऐकून आलं नाही. ते पैसे मावशीच्या साताऱ्याच्या घराच्या छपरासाठी बाजूला काढलेले होते.

फोटोंकडे वळण्याआधी मी एका दुसऱ्याच कोल्टबद्दल वाचायला घेतलं, कारण बोलण्याच्या ओघात दादाने त्याचंच नाव घेतलं होतं. २७ ऑगस्ट २०२१ रोजी लॉस एंजेलिसला बोनहॅम्सच्या लिलावात शेरीफ पॅट गॅरेटचं रिव्हॉल्व्हर ६० लाख ३० हजार डॉलरला गेलं. अंदाज २० ते ३० लाखांचा होता. दादाचं म्हणणं, "बघ, गोष्टीला किंमत असते."

असते का? वस्तू म्हणून पाहिलं तर गॅरेटचं रिव्हॉल्व्हर चारचौघांसारखं आहे. क्रमांक ५५०९३, साडेसात इंची नळी, .४४-४० काडतूस. असे कोल्ट हार्टफर्डच्या कारखान्यातून हजारोंनी बाहेर पडले. हार्टफर्ड माझ्या लॅबपासून गाडीने तासाभरावर आहे. कारखान्याचा निळा घुमट महामार्गावरून दिसतो आणि सॅम्युअल कोल्टच्या पत्नीने दिलेला संग्रह तिथल्या वॉड्सवर्थ अ‍ॅथेनियममध्ये आहे. तिथे काचेआडचे नमुने पाहिले की कळतं, गॅरेटच्या कोल्टमध्ये कारागिरीची नवलाई काही नाही. नवलाईला पैसे पडले असते तर २०१८ साली रॉक आयलंडच्या लिलावात १८ लाख ४० हजारांना गेलेलं १८४७चं वॉकर कोल्ट पुढे असायला हवं होतं. वॉकर सगळी मिळून अकराशेच बनली आणि हे त्याच्या मूळ पेटीसह उरलेलं. तरी गॅरेटच्या साध्या कोल्टला त्याच्या तिपटीहून जास्त मिळाले.

बातम्यांमध्ये सगळीकडे 'बिली द किडला मारणारी बंदूक' हेच पुढे होतं. मला मात्र या वस्तूच्या चरित्रातला सगळ्यात वजनदार भाग निराळा वाटतो. गॅरेटने ते एल पासोच्या टॉम पॉवर्स नावाच्या सलूनवाल्याला दिलं होतं. १९०८ साली गॅरेट मारला गेला. पुढे पॉवर्सही गेला, आणि १९३०च्या दशकात गॅरेटची विधवा अपोलिनारिया कोर्टात गेली: दिलं होतं ते उसनं, बक्षीस नव्हे. ती जिंकली. म्हणजे हे रिव्हॉल्व्हर गॅरेटचं, हे भक्ताने किंवा दलालाने सांगितलेलं नाही. दोन पक्ष भांडले आणि न्यायालयाने निकाल दिला. आपल्याकडे वतनाचा तंटा झाला म्हणूनच महजर उरला आणि महजर उरला म्हणून इतिहास उरला, तसलाच हा प्रकार. राजवाड्यांनी दप्तरं उपसताना जो भेद धरला, अस्सल, नक्कल, बनावट, तो लावला तर मालकीचा कागद अस्सल.

पण मालकीचाच. १४ जुलै १८८१च्या रात्री फोर्ट समनरच्या त्या अंधाऱ्या खोलीत हेच शस्त्र होतं, हे कशावरून? गॅरेटच्या सांगण्यावरून. आणि गॅरेट या बाबतीत अलिप्त साक्षीदार नव्हता. त्याने १८८२ साली त्या प्रकरणावर आपल्या नावाने पुस्तक काढलं, तेही बरंचसं अ‍ॅश अपसन या पत्रकार मित्राने लिहिलेलं. मारणारा, सांगणारा आणि ग्रंथकर्ता एकच. मी त्याला खोटं ठरवत नाही; दुसरी बंदूक पुढे करणारा सबळ पुरावाही मला दिसला नाही. पण साठ लाखांतली मोठी रक्कम एका माणसाच्या शब्दावर लागली आहे, हे बोली लावणाऱ्याला माहीत असावं. याच्या पुढची पायरी म्हणजे पॅरिसला जून २०१९ मध्ये विकलं गेलेलं 'व्हॅन गॉगचं' लेफोशो रिव्हॉल्व्हर. १९६०च्या दशकात ओव्हेरच्या शेतात सापडलेलं, गंजून गेलेलं. गंज किती वर्षं जमिनीत होता ते बऱ्यापैकी सांगतो. ट्रिगर कोणी ओढला ते गंज सांगत नाही. तरी १ लाख ६२ हजार ५०० युरो आले.

आता आपल्या घरची गोष्ट. एप्रिल २०२५ मध्ये सदबीजच्या लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र शासनाने पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवली. पातं युरोपी, म्हणून फिरंग. पण पात्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघूजींचं नाव आणि सेनासाहेब सुभा हा किताब. इथे कागद शोधायलाच नको, तो लोखंडात जडवलेला आहे. साठ लाख डॉलरचे तेव्हाच्या दराने चव्वेचाळीस कोटींच्या वर रुपये होतात. नागपूरकरांची तलवार एका शेरीफच्या कोल्टच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास पडली. ही आपल्या इतिहासाची उपेक्षा, असं काही जण म्हणतील. मला ती रास्त खरेदी वाटते, कारण तिच्यात गोष्टीचा अधिभार जवळजवळ नव्हता.

वाघनखांचं तसं नाही. जुलै २०२४ मध्ये ती लंडनहून साताऱ्याला आली तेव्हा मावशी गुडघे दुखत असताना रांगेत उभी राहिली होती. ती ग्रँट डफकडून आली आणि महाराजांनी वापरलेली हीच याची खात्री देता येत नाही, हे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने स्वतः नोंदवलेलं आहे. मी मावशीला फोनवर तसं सांगितलं. ती म्हणाली, "मला माहितीये गं. मी दर्शनाला गेले होते, विकत घ्यायला नाही."

हा फरक दादाला सांगितला तेव्हा तो जरा गप्प झाला.

मग फोटो. इथे मला माझं शिक्षण उपयोगी पडलं. मूळ कोल्टची चौकट हाडांच्या कोळशात तापवून पाण्यात विझवलेली असते. त्याने पृष्ठभागावर निळे-तपकिरी ढग उमटतात आणि शतकभरात ते विरत जातात, उघड्या भागावर आधी, आडोशाला उशिरा. दादाच्या कोल्टवर ढग नव्हतेच. सगळीकडे सारखा गडद निळा. त्याहून वाईट म्हणजे नळीवरच्या अक्षरांच्या कडा गोलावलेल्या आणि स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट. पॉलिशच्या चाकावर कोणीतरी ते घासलं होतं आणि मग पुन्हा रंगवलं होतं. आपल्याकडे पुरणातल्या भांड्याला नवी कल्हई केली तर घरात कौतुक होतं; इथल्या संग्राहकांच्या बाजारात मूळ मुलामा घालवला की निम्म्याहून जास्त किंमत जाते. रेंजरच्या गोष्टीला आधार म्हणून विकणाऱ्याकडे होतं ते त्याच्या आजोबांच्या तोंडचं वाक्य. तसं वाक्य आमच्याही घरी आहे: माळ्यावरची तलवार पानिपतावरून परत आली. परतलेल्या तलवारी मोजल्या तर सदाशिवरावभाऊंकडे होत्या त्याहून जास्त निघतील.

मी दादाला एवढंच करायला लावलं: शुल्क भरून कोल्टच्या दप्तरातून त्या क्रमांकाचं पत्र मागव. कारखान्याच्या जुन्या वह्यांत रिव्हॉल्व्हर कोणत्या दिवशी, कोणत्या मुलाम्यात, कोणाकडे रवाना झालं याची नोंद असते. साताठ आठवड्यांनी पत्र आलं. मुलामा: निकेल. पाठवलं: सेंट लुईसच्या एका हार्डवेअर व्यापाऱ्याला, एकाच खेपेत पन्नास नग. रेंजरचं नाव नाही; असायचं कारणही नव्हतं.

दादाने विकणाऱ्याला पाच हजारांचा देकार दिला, नुसत्या लोखंडाचा. समोरून अजून उत्तर नाही. तो अधूनमधून ईमेल उघडून बघतो, हे वहिनीने मला कळवलं. साताऱ्याचा कौलारू माणूस मात्र पहिल्या पावसाआधी काम संपवून गेला, आणि मावशीने नव्या छपराचे फोटो आम्हा दोघांना पाठवले आहेत. तेही बावीसच.