संशोधन परिषदांतील गोषवारा : एका दुर्लक्षित लेखनप्रकाराची चिकित्सा

महाविद्यालयांतून भरणाऱ्या विज्ञान परिषदांच्या स्मरणिकांत छापले जाणारे गोषवारे हा आपल्याकडील संशोधनलेखनाचा बहुधा सर्वांत कमी तपासला जाणारा भाग असावा. शोधनिबंधाचे परीक्षण होते, प्रबंधाची मौखिक परीक्षा होते. गोषवारा मात्र नोंदणी शुल्काच्या पावतीसोबत पाठविला जातो, स्वीकारला जातो आणि स्मरणिकेत जाऊन पडतो. अडीचशे-तीनशे शब्दांचा हा मजकूर काय सांगतो आणि काय सांगण्याचे टाळतो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

'गोषवारा' हा शब्द फारसीतून मराठीत आला आणि रुळला तो जमाखर्चाच्या दप्तरात. विस्तृत नोंदींची एकत्रित बेरीज मांडणारा तक्ता, हा त्याचा महसुली अर्थ. या अर्थातच एक कठोर अट दडलेली आहे : गोषवाऱ्यातील प्रत्येक आकडा मूळ वहीत सापडला पाहिजे. 'सारांश' हा शब्द त्या मानाने सौम्य. त्याला वहीचा आधार लागतोच असे नाही. संशोधनाच्या संदर्भात दोन्ही शब्द रूढ असले, तरी आपल्या स्मरणिकांतील पुष्कळसा मजकूर सारांशही नसतो आणि गोषवाराही नसतो. ते केवळ संकल्पपत्र असते. काम व्हावयाचे असते, अंतिम तारीख मात्र येऊन ठेपलेली असते. मग 'चर्चा करण्यात आली आहे', 'प्रकाश टाकण्यात आला आहे' अशा कर्मणी रचनांच्या आडोशाने भविष्यकाळ भूतकाळाचा वेष घेऊन उभा राहतो.

समजा, एखाद्या तालुक्यातील विहिरींच्या पाण्यातील नायट्रेटचे प्रमाण हा विषय आहे. रूढ पद्धतीचा गोषवारा साधारणतः असा चालतो : पाणी म्हणजे जीवन होय, वाढती लोकसंख्या, औद्योगिकीकरण व रासायनिक खतांचा अतिवापर यांमुळे जलप्रदूषणाची समस्या गंभीर बनली आहे, सदर शोधनिबंधात विहिरींच्या पाण्याचे विश्लेषण करून निष्कर्ष काढण्यात आले असून उपाययोजना सुचविण्यात आल्या आहेत. यातील एकही विधान खोटे ठरविता येणार नाही. परंतु एकही विधान या संशोधनाचे स्वतःचे नाही. नायट्रेटच्या जागी फ्लोराइड घातले किंवा तालुका बदलला, तरी मजकुराचे काही बिघडत नाही.

आता याच कामाचा दुसरा गोषवारा कल्पून पाहू. २४ विहिरींचे नमुने मे व ऑक्टोबर अशा दोन वेळा घेतले. स्पेक्ट्रोफोटोमीटरने मापन केले. भारतीय मानक १०५०० ने ठरविलेली लिटरला ४५ मिलिग्रॅमची मर्यादा मे महिन्यात ५ व ऑक्टोबरमध्ये ९ विहिरींनी ओलांडली. त्या ९ पैकी ७ विहिरी उसाच्या क्षेत्रालगत होत्या. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. पण असा गोषवारा वाचताच प्रश्न सुचू लागतात. २४ विहिरी कोणत्या निकषावर निवडल्या? मर्यादेच्या आत राहिलेल्या १५ विहिरींपैकी किती उसालगत होत्या? त्याही बहुतांश उसालगत असतील, तर उसाकडे बोट दाखविण्यास आधार उरत नाही. पहिल्या गोषवाऱ्याला असा एकही प्रश्न विचारता येत नाही, आणि तेच त्याच्या लोकप्रियतेचे कारण असावे. ज्या मजकुराशी वाद घालता येत नाही तो नाकारताही येत नाही.

हा दोष केवळ आपलाच आहे असे नाही. वैद्यकीय नियतकालिकांतील गोषवारे चिकित्सक वाचकाला अपुरे पडतात, या जाणिवेतून १९८७ मध्ये 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन'मध्ये उद्दिष्ट, पद्धती, परिणाम व निष्कर्ष अशा उपशीर्षकांच्या आराखड्याची शिफारस झाली. २००८ मध्ये नियंत्रित वैद्यकीय चाचण्यांच्या गोषवाऱ्यांसाठी 'कॉन्सॉर्ट'ची स्वतंत्र मार्गदर्शिका आली. तीत परिषदांतील गोषवाऱ्यांचाही विचार होता. तथापि उपशीर्षके घातली की लेखन प्रामाणिक होते, असे समजण्याचे कारण नाही. पिटकिन व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये सहा मान्यवर वैद्यकीय नियतकालिकांतील गोषवारे मूळ लेखांशी ताडून पाहिले, तेव्हा मूळ लेखाशी न जुळणारी किंवा त्यात मुळीच नसलेली माहिती देणाऱ्या गोषवाऱ्यांचे प्रमाण नियतकालिकागणिक १८ ते ६८ टक्के इतके आढळले. हिशेबाच्या भाषेत, बेरीज वहीशी जुळत नव्हती.

परिषदेत तर बहुधा वही समोर येतच नाही. कॉक्रेन संस्थेच्या २०१८ च्या पुनरावलोकनात ४२५ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक परिषद-गोषवाऱ्यांचा मागोवा घेतला आहे. त्यांपैकी सुमारे ३७ टक्केच पुढे पूर्ण लेखाच्या रूपाने प्रसिद्ध झाले. अनुकूल निष्कर्ष असलेल्यांना प्रसिद्धी मिळण्याची शक्यता अधिक होती. म्हणजे बहुसंख्य कामांबाबत गोषवारा हीच एकमेव छापील नोंद उरते. ती नोंद आकड्यांविना असेल, तर ते नमुने, ती उपकरणे आणि विद्यार्थ्यांचे ते श्रम यांतून पुढच्या अभ्यासकाच्या हाती काहीच लागत नाही.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी परिषदेतील निबंधवाचनास गुण दिले : आंतरराष्ट्रीय पातळीस १०, राष्ट्रीय पातळीस ७.५, प्रादेशिक वा राज्य पातळीस ५ आणि स्थानिक पातळीस ३. २०१८ च्या विनियमांत हे गुण कमी करण्यात आले. गुण मिळावयाचे ते वाचनाचे. वाचलेल्या मजकुरात निष्कर्ष आहे की नाही, हे विचारणारा रकाना कोठेही नव्हता. प्राध्यापकांवर या बाबतीत सरसकट ठपका ठेवणे अन्यायाचे होईल. बढतीच्या अर्जासाठी प्रमाणपत्र हवे असते आणि संयोजकांना नोंदणीची संख्या हवी असते; या देवघेवीत गोषवारा नाकारण्यात कोणाचेच हित उरत नाही.

नाकारणे थांबले की काय होते, याचे उदाहरण २०१६ चे आहे. न्यूझीलंडमधील प्राध्यापक क्रिस्टोफ बार्टनेक यांनी अणुभौतिकीविषयक एका परिषदेसाठी फोनवरील स्वयंसूचित शब्द ओळीने निवडून निरर्थक मजकूर तयार केला. तो काही तासांतच स्वीकारला गेला. हे परदेशातले आणि थट्टेचे. मुंबईत जानेवारी २०१५ मध्ये भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला, ती मात्र थट्टा नव्हती. 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथातील विमाने उडण्यास असमर्थ असल्याचे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ मध्येच दाखवून दिले होते. या विषयावरील पूर्वीचे काम कोणते आणि त्यावर आपले उत्तर काय, या दोन ओळी गोषवाऱ्यात सक्तीच्या केल्या, तर अशा प्रसंगी परीक्षकाच्या हाती निदान एक साधन राहते.

अपूर्ण कामावर गोषवारा पाठवूच नये, असा आग्रह येथे अभिप्रेत नाही. २४ पैकी १० विहिरींचे मापन झाले असेल तर तसे लिहावे. चौदा शिल्लक असल्याचे सांगण्यात कमीपणा नाही. सहलेखकांनी अंतिम मसुदा वाचल्याखेरीज तो पाठवू नये. आपले नाव छापले गेल्याचे स्मरणिका हाती आल्यावर कळण्याचे प्रसंग विरळा नाहीत. एकच गोषवारा शीर्षक बदलून दोन परिषदांना पाठविणे हे गुणांच्या हिशेबात बसत असले, तरी दप्तरी भाषेत ती दुबार नोंद ठरते. संयोजकांच्या बाजूने एवढे तरी करता येईल : शेवटच्या दिवशी मुदतवाढीचे परिपत्रक काढण्याऐवजी मूळ मुदतीत आलेल्या प्रत्येक गोषवाऱ्यावर परीक्षकाचा किमान एक लेखी प्रश्न लेखकाकडे पाठवावा, आणि किती गोषवारे आले, किती परत पाठविले व किती नाकारले, हे तीन आकडे स्मरणिकेच्या पहिल्या पानावर छापावेत.