भगवंतीचे मौन आणि दादामुनींचे प्रवचन
(‘हम लोग’ या मालिकेच्या पुनर्दर्शनानिमित्त)

दूरदर्शनवरील मालिकेला साहित्याच्या पंगतीत पाट मांडावा की नाही, याविषयी आपल्याकडील समीक्षकांच्या मनात अद्याप संकोच आहे. कादंबरीचे दोष दाखवायलाही आपण चार पाने खर्च करतो. मालिकेची मात्र घटकाभराची करमणूक म्हणून बोळवण करतो. तथापि जी कथा सतरा महिने घराघरांत जेवणाच्या वेळा ठरवीत होती, जिच्यातील मुलीच्या लग्नाची चिंता अनोळखी कुटुंबांनी स्वतःची म्हणून वाहिली, तिने आपल्या मनावर कोणते संस्कार केले हे तपासणे समीक्षेच्या कक्षेबाहेरचे मानता येणार नाही. ‘हम लोग’ ही अशी कथा आहे. ७ जुलै १९८४ रोजी तिचा पहिला भाग प्रसारित झाला, १७ डिसेंबर १९८५ रोजी शेवटचा. एकूण भाग १५६. लेखक मनोहर श्याम जोशी, दिग्दर्शक पी. कुमार वासुदेव. भारतीय दूरदर्शनवरील दीर्घ कौटुंबिक मालिकांचा उगम इथे आहे.

आंतरजालावर उपलब्ध झालेले या मालिकेचे बरेचसे भाग आम्ही अलीकडे आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात, जुन्या चाहत्यांच्या संगतीने, रविवारच्या संध्याकाळी पुन्हा पाहिले. मालिका प्रथम लागली तेव्हा आमच्यापैकी काही जण शाळेत होते, काहींची नुकतीच लग्ने झाली होती, तर काहींच्या पदरी दोन-तीन लेकरे होती. आता त्यांतील बहुतेकांच्या घरी नातवंडे आहेत. एकदा पाहिलेली कथा चाळीस वर्षांनी पुन्हा पाहताना कथानकाची उत्सुकता उरत नाही. पुढे काय होणार हे सर्वांना ठाऊक असते. त्यामुळे लक्ष माणसांकडे जाते, आणि ही कथा आपल्याला नेमके काय शिकवीत होती, हा प्रश्न आपोआप पुढे येतो.

कथा साधी आहे. बसेसर राम हा व्यसनी, बेभरवशाचा कुटुंबप्रमुख. त्याची पत्नी भगवंती. वडील रिजकराम आणि आई इमरती देवी, म्हणजे सर्वांचे दादाजी आणि दादी. मुले पाच : लल्लू, बडकी, मझली, नन्हे आणि छुटकी. घर लहान, मिळकत तुटपुंजी आणि स्वप्ने मात्र प्रत्येकाची वेगळी. लल्लूला नोकरी हवी, नन्हेच्या डोक्यात क्रिकेट, मझलीला चित्रपटात जायचे आहे, छुटकीला डॉक्टर व्हायचे आहे. बडकी हुंड्याच्या बाजारात उभी राहायला नकार देते आणि स्वतःच्या पायांवर उभी राहू पाहते.

या साध्या कथेमागे एक आखीव योजना होती. मेक्सिकोमध्ये मिगेल साबिदो या निर्मात्याने मालिकांतून लोकशिक्षण करण्याची एक पद्धत सिद्ध केली होती. त्याच्या ‘व्हेन कॉन्मिगो’ने प्रौढ साक्षरतेचा आणि १९७७ साली सुरू झालेल्या ‘आकोम्पान्यामे’ने कुटुंबनियोजनाचा प्रचार केला. महाराष्ट्रातून लोकसभेवर गेलेले वसंत साठे हे केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री असताना त्यांनी मेक्सिकोतील या प्रयोगांची माहिती करून घेतली, आणि तशी मालिका भारतात व्हावी ही कल्पना रुजली. साबिदोच्या पद्धतीत पात्रांचे तीन वर्ग असतात. काही पात्रे अनुकरणीय, काही त्याज्य आणि काही मधली, म्हणजे चुकत चुकत सुधारणारी. अनुकरणीय पात्राला अखेरीस फळ मिळते, त्याज्य पात्राला शिक्षा होते आणि प्रेक्षक त्यातून धडा घेतो, असे हे गणित.

गणित कागदावर सुटले, पडद्यावर मात्र अडले. पहिल्या तेरा भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश इतका उघड होता की प्रेक्षक कंटाळले. मग तो विषय सौम्य करण्यात आला आणि घरातील कलह, स्त्रियांचे स्थान, हुंडा, व्यसन हे विषय पुढे आले. कुटुंबनियोजनाच्या कृत्रिम साधनांविषयी ख्रिस्तसभेची भूमिका वाचकांना ठाऊक आहे. तिची चर्चा करण्याचे हे स्थळ नव्हे. इथे लक्षात घ्यायची गोष्ट निराळी आहे. ही माघार कोणी विरोध केला म्हणून घेतली गेली नाही. कथेच्या तोंडी प्रचार घातला की लोक ऐकणे थांबवतात, म्हणून ती घ्यावी लागली. प्रवचनपीठावर उभे राहणाऱ्या कोणालाही हा अनुभव परका नाही.

आणि तरीही ‘हम लोग’मध्ये प्रत्येक भागाच्या शेवटी एक प्रवचन होतेच. ते अशोककुमार यांचे. दादामुनी पडद्यावर येत, त्या दिवशीच्या घटनेवर मोजक्या शब्दांत बोलत, तुकबंदीच्या दोन ओळी म्हणत आणि निरोप घेत. पुन्हा पाहताना आमच्या ध्यानात आले की या समारोपांचे दोन प्रकार आहेत. काही ठिकाणी ते निकाल देतात. अमक्याचे चुकले, तमक्याने असे वागायला हवे होते, असे सांगतात. हे समारोप आज फिके वाटतात. दुसऱ्या प्रकारात ते प्रश्न विचारून थांबतात : तुम्ही त्या जागी असता तर काय केले असते? मालिकेच्या काळात त्यांना प्रेक्षकांची चार लाखांहून अधिक पत्रे आली. लोकांनी बडकीला पत्रे लिहून डॉक्टर अश्विनीशी लग्न करण्याचा आग्रह धरला. एवढी पत्रे केवळ नटाच्या लोकप्रियतेमुळे आली असे आम्हांस वाटत नाही. कोणीतरी आपल्याला विचारले, म्हणून लोकांनी उत्तर दिले. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात थोरला भाऊ अखेरीस घरात गेला की दाराबाहेरच राहिला, हे प्रभू येशूने सांगितलेले नाही. ते उत्तर ऐकणाऱ्याने द्यायचे आहे. चांगला समारोप असा दार उघडे ठेवतो.

आता भगवंतीकडे वळू, कारण या लेखाचे खरे प्रयोजन तीच आहे. जयश्री अरोरा यांनी ही भूमिका केली. सासूचे टोमणे, नवऱ्याची शिवीगाळ, पैशांची चणचण, मुलांची बेफिकिरी हे सर्व भगवंती मुकाट्याने सोसते. योजनेनुसार ती अनुकरणीय नव्हती. स्त्रीने इतके दबून राहिले तर काय होते, हे तिच्या रूपाने दाखवायचे होते. पण अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांनी या मालिकेच्या परिणामांचा अभ्यास केला तेव्हा काही वेगळेच आढळले. अनेक प्रेक्षकांनी, आणि त्यांत स्त्रियाही होत्या, भगवंतीलाच आदर्श पत्नी आणि आदर्श माता मानले. जिच्यापासून सावध व्हायचे, तिचीच लोकांनी पूजा बांधली.

आमच्या सभागृहात हा अभ्यास कोणी वाचलेला नव्हता, पण त्याचा प्रत्यय मात्र आला. बसेसर राम दारूच्या नशेत घरी येतो आणि भगवंती काही न बोलता त्याचे ताट वाढते, असा प्रसंग संपल्यावर एक वयोवृद्ध बाई म्हणाल्या, “फादर, अशा बायांमुळेच घरे टिकली.” मागच्या रांगेतून एका निवृत्त शिक्षिकेने शांतपणे विचारले, “घर टिकले, पण तिचे काय टिकले?” क्षणभर कोणी बोलले नाही. मग वाद सुरू झाला आणि तो त्या संध्याकाळी संपला नाही. पुढच्या रविवारी येताना लोक आपापले मुद्दे घेऊनच आले. पुरुषांपैकी एक-दोघे बसेसर रामची बाजू मांडू लागले, तेव्हा त्यांच्या घरच्या मंडळींच्या चेहऱ्यावर उमटलेले हसू पाहण्यासारखे होते.

प्रेक्षकांना कथा कळली नाही, असे म्हणून हा प्रश्न मिटत नाही. दोष कथेच्या रचनेत शोधावा लागतो. लेखकाने भगवंतीला आपली सारी माया दिली. तिचे हात सतत कामात दाखवले, तिच्या वाट्याला एकही क्षुद्र विचार येऊ दिला नाही. मात्र तिला ‘नको’ म्हणण्याची जागा फारशी दिली नाही. जिच्यावर आपण प्रेम करतो तिचेच अनुकरण करतो. योजनेच्या तक्त्यात तिच्या नावापुढे कोणती खूण आहे हे प्रेक्षक पाहत नाही. शिवाय कॅमेरा तिच्या सोसण्यावर रेंगाळतो, आणि जे सुंदर करून दाखवले ते वाईट आहे असे शेवटच्या अर्ध्या मिनिटात सांगून कोणाला पटत नाही.

मझलीच्या बाबतीत हाच दोष उलट दिशेने दिसतो. दिव्या सेठ यांनी उभी केलेली ही मुलगी हट्टी आहे, उतावीळ आहे. पण तिचा मूळ अपराध एवढाच की तिला त्या कोंदट घराबाहेर जायचे आहे. मुंबईच्या चित्रसृष्टीचे स्वप्न पाहिल्याबद्दल कथा तिला जी शिक्षा देते, ती पाहताना आमच्यातील तरुण मुली अस्वस्थ झाल्या. तिला फसवणाऱ्यांपेक्षा तिच्यावरच कथेचा रोष अधिक, असे त्यांना वाटले, आणि त्यांचे म्हणणे आम्हांस ग्राह्य वाटते. एकीला सोसण्याबद्दल शाबासकी आणि दुसरीला इच्छा धरल्याबद्दल दंड, असा हिशेब नकळत तयार होतो. तो लेखकाच्या हेतूविरुद्ध आहे, परंतु पडद्यावर आहे.

ख्रिस्ती कुटुंबांना या प्रश्नाचे विशेष महत्त्व आहे. क्रूसावरील प्रभूच्या यातनांत आपण सहभागी होतो, ही आपली श्रद्धा आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात संत पौल प्रीतीची लक्षणे सांगताना सहनशीलतेला प्रथम स्थान देतो आणि तो अध्याय आपल्याकडे विवाहाच्या मिस्सेत वारंवार वाचला जातो. परंतु त्याच अध्यायाचे विवरण करताना पोप फ्रान्सिस यांनी २०१६ सालच्या ‘आमोरिस लेटिशिया’ या पत्रकात स्पष्ट केले आहे की सहनशील असणे म्हणजे सतत वाईट वागणूक मिळू देणे नव्हे, मारहाण खपवून घेणे नव्हे आणि इतरांनी आपला वापर करावा म्हणून स्वतःला सोपवणेही नव्हे. प्रभूने क्रूस स्वखुशीने उचलला. कोणी दुसऱ्याच्या खांद्यावर व्यसनाचा आणि अपमानाचा भार टाकावा आणि त्याला क्रूस हे पवित्र नाव द्यावे, हे शुभवर्तमानाला धरून नाही. आपल्या गावांत आजही भगवंती आहेत. अंत्यविधीच्या वेळी त्यांच्या सोशिकपणाची स्तुती सर्व जण करतात. त्या हयात असताना त्यांच्या दाराशी जाऊन कोणी काही विचारले का, हा प्रश्न ही मालिका आज आपल्यापुढे ठेवते.

कलाकृती म्हणून मालिकेच्या मर्यादा उघड आहेत. नेपथ्य रंगभूमीसारखे, प्रकाशयोजना सपाट, संवाद कित्येकदा तेच ते. प्रायोजक मॅगी नूडल्सचे. दोन मिनिटांत पदार्थ तयार करण्याचे आश्वासन आणि पंधरा माणसांच्या स्वयंपाकात गुंतल्यासारखी दिसणारी भगवंती यांतील विनोद त्या काळी कोणाच्या लक्षात आला नसावा. पण अभिनयाची बाजू अजून भक्कम आहे. विनोद नागपाल यांचा बसेसर राम खलपुरुष होत नाही. तो आपल्या ओळखीचा शेजारी वाटतो, आणि म्हणूनच त्याची अधिक भीती वाटते. सुषमा सेठ यांची दादी खोचक आहे, पक्षपाती आहे. तिला कर्करोग होतो तेव्हा मात्र सारे घर, आणि सारे सभागृह, तिच्या खाटेभोवती गोळा होते. त्या भागांत उपदेश जवळजवळ नाही. आजारी माणसाची उशी सरळ करणारे हात आहेत, औषधाच्या पैशांची कुजबुज आहे. संपूर्ण मालिकेत हे प्रसंग आम्हांस सर्वांत सरस वाटले.

आणखी एक गुण नोंदवायला हवा. ही कथा संपली. पुढील काळात मालिका संपण्याची सवयच गेली. मराठीत ‘चार दिवस सासूचे’ने २००१ ते २०१३ या काळात तीन हजारांहून अधिक भाग गाठले. इतक्या लांब प्रवासात पात्रांना वाढता येत नाही, त्यांना केवळ संकटे पुरवावी लागतात. ‘हम लोग’ची माणसे १५६ भागांत म्हातारी झाली, बदलली, काही सुधारली, काही तशीच राहिली.

आमचे मत विचाराल तर ‘हम लोग’ थोर कलाकृती नाही, पण ती प्रामाणिक आहे, आणि तिच्या फसण्यातूनही पुष्कळ शिकता येते. वाचकांनी ती एकट्याने पाहू नये. सासू, सून, मुलगा, नात अशा तीन पिढ्यांनी एकत्र बसावे. भाग संपल्यावर दादामुनी बोलू लागतील, तेव्हा त्यांचा आवाज थोडा वेळ बंद ठेवावा आणि भगवंतीविषयी आधी घरातल्या बाईचे मत विचारावे. ती उत्तर द्यायला वेळ घेईल. तेवढा वेळ तिला द्यावा.