मॅकिंटॉशचा रामोशी-वृत्तांत आणि चाकरी सुटलेला शिपाई

पेशवाईचा अंत इतिहासग्रंथांत बहुधा लढायांच्या अनुक्रमाने सांगितला जातो. १८१७ च्या नोव्हेंबरात खडकी, १८१८ च्या आरंभी कोरेगाव आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये दुसऱ्या बाजीरावाची माल्कमपुढे शरणागती. पेशव्याला सालिना आठ लाखांचा तनखा व ब्रह्मावर्ताचा वास मिळाला, येथे प्रकरण संपते. त्याच्या पदरचे स्वार, गडांवरची शिबंदी, चौकी-पहाऱ्यावरचे लोक यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न सहसा उपस्थित होत नाही. तो उपस्थित करावयाचा तर कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश याच्या, १८३३ साली मुंबईत छापलेल्या ग्रंथाकडे वळावे लागते. रामोशी जातीची उत्पत्ती, तिची तत्कालीन स्थिती आणि उमाजी नाईकाचे चरित्र असा त्याचा विषय आहे. माहितीची खाण म्हणून हा ग्रंथ वाचणे सोपे आहे. त्याची रचना तपासणे अधिक अगत्याचे.

मॅकिंटॉश हा उमाजीच्या पाठलागावर नेमलेला अधिकारी होता. तेवढ्यावरून त्याचे लेखन त्याज्य ठरत नाही. त्याने चौकस बुद्धीने विचारपूस केली, रामोशांची कुळे नोंदली, त्यांच्या सांकेतिक बोलीतील शब्दही टिपले. हे श्रम वाया जाणारे नव्हेत. दोष आहे तो मांडणीच्या क्रमात. आधी जात, मग माणूस. जातीचे चालीरीतींसह वर्णन आणि तिच्या चोरी-दरोड्याच्या पद्धती वाचून झाल्यावर वाचक उमाजीपाशी येतो, तेव्हा त्याचा निर्णय होऊन चुकलेला असतो. प्रमेय सिद्ध झाल्यावर उदाहरण यावे, तसे ते चरित्र येते.

परंतु चरित्रातील तपशील या प्रमेयाला जुमानीत नाही. उमाजी पुरंदरच्या पायथ्याच्या भिवडीचा. पुरंदरची राखण हा तेथील रामोशांचा पिढीजात अधिकार होता. गावोगावची जागल, चोरीचा माग काढण्याची जबाबदारी आणि तिच्याबद्दल मिळणारा हक्क ही त्याचीच दुसरी बाजू. म्हणजे ज्यांना ग्रंथाचा पूर्वार्ध सुव्यवस्थेचे शत्रू म्हणून उभे करतो, तेच जुन्या व्यवस्थेत सुव्यवस्थेचे वेतनदार होते. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पुरंदरच्या रामोशांचे सरकाराशी वितुष्ट दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीतच आले होते. सारे वैर इंग्रजी अमलापासून सुरू झाले, हे अभिमानी चरित्रकारांना प्रिय असलेले मतही म्हणून टिकत नाही. १८१८ ने घडवलेला बदल वेगळा होता. पूर्वी एका धन्याने दूर केलेला माणूस दुसऱ्याच्या दारी जाई. आता धनी एकच उरला आणि त्याला गडांची गरज नव्हती.

लढवय्या समाजाला घरी कसे बसवावे, याचे ज्ञान नव्या सत्तेला नव्हते असे मुळीच नाही. ११ फेब्रुवारी १८१८ च्या साताऱ्याच्या जाहीरनाम्यात एल्फिन्स्टनने वतने व इनामे चालू ठेवण्याचे अभिवचन दिले आणि वतनदारांनी बाजीरावाचे निशाण सोडून दोन महिन्यांत गावी परतावे, अशी अट घातली. ज्याच्यापाशी गमावण्यासारखे काही आहे तो परत येतो, हा त्यामागचा हिशेब अचूक ठरला. पेंढाऱ्यांचा करीमखान गोरखपुराकडे जमीन घेऊन स्थिरावला. अमीरखान फौज मोडण्याच्या कराराने टोंकचा नबाब झाला. मालेगावी झुंजलेल्या अरबांना देशाबाहेर तरी धाडता येत होते. पुरंदरच्या पहारेकऱ्याला कोठे धाडणार? त्याचा हक्क गडाशी बांधलेला होता, आणि गडाचेच प्रयोजन संपले होते. पुढे १८२५ मध्ये आउट्रॅमने खानदेशात भिल्ल पलटण उभारली, तेव्हा हाच उपाय चाकरीच्या रूपाने परत आला. खुद्द उमाजीलाही काही काळ माफी व सरकारी चाकरी मिळाली होती. तो पुन्हा का बिथरला, याचा अर्थ जातिस्वभावाच्या चौकटीत लावला की दूध पाजलेल्या सापाच्या कथेपलीकडे काही हाती लागत नाही. चाकरीच्या अटी काय होत्या आणि त्या किती पाळल्या गेल्या, हे प्रश्न त्या कथेत बुडून जातात.

या चौकटीची खरी कसोटी १८४४ मध्ये कोल्हापूर संस्थानात लागते. सामानगड व भुदरगड येथील गडकऱ्यांनी त्या वर्षी शस्त्र उचलले. गडाच्या राखणीबद्दल वंशपरंपरेने चालत आलेल्या त्यांच्या जमिनींच्या व्यवस्थेत नव्या कारभाराने हात घातला, हे त्याचे कारण. हे गडकरी कोणा एका जातीचे नव्हते. कारण तेच, परिणाम तोच. जातिस्वभावाला मात्र येथे जागाच नाही. मॅकिंटॉशचा ग्रंथ या घटनेच्या अकरा वर्षे आधीचा, तेव्हा तिच्या अनभिज्ञतेचा दोष त्याला लावणे अन्यायाचे होईल. त्यानंतरच्या अभ्यासकांना ही सवलत नाही.

म्हणून हा ग्रंथ उलट्या क्रमाने वाचावा: प्रथम उमाजीचे चरित्र, नंतर जातीचे वर्णन. त्याच्याशेजारी पेशवे दफ्तरातील पुरंदरचे कागद ठेवावेत. राखणीवर किती असामी होते, त्यांना रोख किती व जमिनीच्या रूपाने किती मिळे, आणि कोणाची नावे कोणत्या साली हिशेबातून गळाली, याचा शोध तेथूनच सुरू करता येईल.