'आय, क्लॉडियस' आणि लिव्हियेची अंजिरें

इ. स. १९७६ च्या सप्टेंबरांत बी. बी. सी. च्या दुसऱ्या वाहिनीवर 'आय, क्लॉडियस' ही बारा भागांची मालिका सुरू झाली, तेव्हां प्रारंभीं कांहीं इंग्रज टीकाकारांनीं नाकें मुरडलीं होतीं. प्रेक्षकांनीं मात्र त्यांचें ऐकलें नाहीं. डेरेक जेकोबी आणि शान फिलिप्स या दोघांना त्या वर्षींचीं ब्रिटिश अकादमीचीं अभिनयाचीं पारितोषिकें मिळालीं. पुढल्याच वर्षीं अमेरिकेंत मालिका दाखविली गेली आणि तेथें तिचें मोठें कौतुक झालें. आणि २००० सालीं ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनें शंभर उत्कृष्ट ब्रिटिश कार्यक्रमांची यादी केली तींत तिला बारावें स्थान मिळालें. एवढें यश मिळालेल्या कृतीविषयीं आतां नवें तें काय सांगावयाचें, असें कोणी विचारील. परंतु ज्या कारणासाठीं ही मालिका आम्हांस थोर वाटते तें कारण आणि ज्या कारणासाठीं ती आमच्या मनाला टोंचते तें कारण, हीं दोन्ही एकाच पात्राच्या ठायीं येऊन मिळतात, आणि तें पात्र म्हणजे ऑगस्टसची पत्नी लिव्हिया. तिच्याविषयीं थोडें विस्तारानें लिहावें असें बरेच दिवस मनांत होतें.

प्रथम मालिकेची जन्मकथा. रॉबर्ट ग्रेव्ह्ज या इंग्रज कवीनें १९३४ आणि १९३५ सालीं क्लॉडियसवर दोन कादंबऱ्या लिहिल्या. लंगडा, तोतरा, घरांतल्या सर्वांनीं मूर्ख म्हणून हिणविलेला हा राजपुत्र अखेर रोमचा सम्राट् होतो आणि म्हातारपणीं आपल्या घराण्याचें गुप्त चरित्र लिहितो, अशी त्यांची मांडणी आहे. १९३७ सालीं या कथेवर चित्रपट काढण्याचा घाट अलेक्झांडर कोर्डा यानें घातला होता. चार्ल्स लॉटनसारखा नट मिळूनहि तो अर्धवटच राहिला. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनीं जॅक पुलमन यानें दोन्ही कादंबऱ्यांचें नाट्यरूप केलें व हर्बर्ट वाइज यानें तें दिग्दर्शित केलें.

रोम म्हटला कीं प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढें संगमरवरी चौक, रथांच्या शर्यती आणि हजारों माणसांचा गलबला उभा राहतो. हॉलिवुडनें तशी संवयच लावून ठेविली आहे. या मालिकेंत त्यांतलें कांहींच नाहीं. सर्व कांहीं लंडनमधील स्टुडिओच्या चार भिंतींत घडतें. इ. स. ९ मध्यें जर्मनीच्या अरण्यांत व्हॅरसच्या तीन सेना कापल्या गेल्या. येथें ती केवळ एक वार्ता आहे, आणि ती ऐकून ऑगस्टसची जी अवस्था होते तेंच युद्ध. मल्लयुद्धांचे खेळ आपणांस राजघराण्याच्या सज्जांतून दिसतात, म्हणजे खेळ फारसे दिसतच नाहींत; पाहणाऱ्यांचे चेहरे दिसतात. त्यापूर्वीं लिव्हिया त्या मल्लांना बोलावून, एखाद्या खडूस घरधनिणीनें गड्यांना कामचुकारपणाबद्दल तंबी द्यावी तशी, नीट मरण्याविषयीं तंबी देते. तो प्रसंग पाहतांना हंसूं येतें आणि हंसल्याबद्दल अंगावर कांटा उभा राहतो. पैशाच्या टंचाईनें दिग्दर्शकाला घरांतच कोंडून घातलें, आणि घर हेंच त्या साम्राज्याचें खरें रणांगण होतें हें त्यानें ओळखलें.

पुढें २००५ ते २००७ या काळांत बी. बी. सी. आणि एच. बी. ओ. यांनीं मिळून 'रोम' नांवाची बावीस भागांची मालिका केली. ती इटलींत, चिनेचित्ता येथील चित्रपटनगरींत, अफाट खर्च करून उभारलेल्या रस्त्यांत व देवळांत चित्रित झाली. तिचे गुण आम्ही नाकारीत नाहीं. सीझरनें आपल्या गॉलच्या युद्धवृत्तांतांत ओझरते उल्लेखिलेले दोन शिपाई, व्होरेनस आणि पुलो, उचलून त्यांच्या तोंडून सामान्य रोमकराची कथा सांगण्याची कल्पना चतुर आहे. भिंतींवरच्या ओंगळ चित्रांपासून घरच्या देवतांपर्यंत सर्व तपशील मेहनतीनें जमविला आहे. परंतु खर्च पेलेना म्हणून ती दोन हंगामांत आटोपावी लागली, आणि तींतील रस्ते जितके आठवतात तितकीं माणसें आम्हांस आठवत नाहींत. उलट क्लॉडियसच्या मालिकेंतील भिंतींचा रंग कोणता होता हें आम्हांस आज सांगतां येणार नाहीं. पण ऑगस्टसचा मृत्यू आम्ही विसरणार नाहीं. ब्रायन ब्लेसेड अंथरुणावर पडला आहे. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावरून हलत नाहीं. लिव्हिया दिसत नाहीं, फक्त तिचा आवाज ऐकूं येतो. पन्नास वर्षांच्या संसाराचा हिशेब ती शांतपणें मांडीत असते. आणि त्या उघड्या डोळ्यांतून प्राण नेमका कधीं गेला हें आपल्याला कळत नाहीं. मग जातां जातां ती मुलाला बजावते कीं, अंजिरांना हात लावूं नकोस. झाडावरच्या अंजिरांना तिनें विष लाविलें होतें, हें ज्याला तोंवर कळलें नसेल त्यालाहि त्या क्षणीं कळतें.

आमच्या घरीं ही मालिका तबकड्यांवरून पाहिली गेली तेव्हां आमच्या मोठ्या वहिनी त्या प्रसंगीं एवढेंच म्हणाल्या, "ही तर आपली आनंदीबाई!" हा शेरा आम्हांस फार मार्मिक वाटला, आणि त्यांतूनच आमच्या आक्षेपाला तोंड फुटलें. १७७३ सालीं नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्र्यांनीं दोष दिला तो राघोबादादांना. पण लोकांच्या तोंडीं राहिली ती 'ध' चा 'मा' करणारी आनंदीबाई. त्या एका अक्षराच्या कथेला निर्विवाद पुरावा नाहीं, तरी खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'नें १९०९ सालीं रंगभूमीवर तिला जें तेज दिलें त्यापुढें पुराव्याची विचारपूस कोण करणार? घराण्यांत अपमृत्यू झाले, वारसांची ओळ बदलली, आणि शेवटीं गादीवर बसला तो एखाद्या बाईचा मुलगा असला, म्हणजे सर्व मृत्यू त्या बाईच्या पदरांत टाकणें लोकांना सोयीचें वाटतें. पुण्यांत झालें तेंच रोममध्यें सतराशें वर्षांपूर्वीं झालें होतें.

मालिकेंत लिव्हियेच्या खात्यावर मांडलेले मृत्यू पाहा. मार्सेलस गेला ख्रिस्तपूर्व २३ मध्यें. तिचा स्वतःचा धाकटा मुलगा ड्रूसस जर्मनींत घोड्यावरून पडून जखमी झाला आणि ख्रिस्तपूर्व ९ मध्यें वारला. मालिकेंत त्याच्या उशाशीं आईनें पाठविलेला वैद्य येऊन बसतो, तेवढ्यानें प्रेक्षकानें काय तें समजावें. ऑगस्टसचे नातू, लूशियस आणि गेयस, इ. स. २ आणि ४ मध्यें वारले. एक मार्सेच्या बंदरांत, दुसरा आर्मीनियांतील जखमेनें झिजत आशियाच्या किनाऱ्यावर. रोममध्यें बसलेल्या बाईचा हात इतका लांब पोंचला असें मानावयाला कादंबरीकाराचीच श्रद्धा हवी. आणि ऑगस्टस मेला तेव्हां त्याला शहात्तरावें वर्ष पुरें होण्यास महिनाच उरला होता! त्या वयाच्या माणसाला मरावयाला अंजिर लागतेंच असें नाहीं. अंजिरांची गोष्ट डायो कॅशियस या इतिहासकारानें दोनशें वर्षांनंतर लिहिली, तीहि संशय म्हणून. टॅसिटसनेंहि पत्नीवर कांहींजणांचा वहीम होता असें म्हटलें आणि तो पुढें गेला. टॅसिटसची ही लकबच आहे. तो आरोप करीत नाहीं. आरोप दाराशीं आणून ठेवतो आणि आपण निघून जातो.

ग्रेव्ह्जच्या वेळीं नसलेला एक पुरावा आतां उपलब्ध झाला आहे. इ. स. २० मध्यें पायसो नांवाच्या सरदारावरील खटल्यानंतर रोमच्या सिनेटनें केलेला ठराव स्पेनमध्यें ब्राँझच्या पत्र्यांवर कोरलेला सांपडला आणि १९९६ सालीं तो प्रसिद्ध झाला. त्यांत लिव्हियेनें सर्व थरांतील माणसांवर केलेल्या उपकारांचा, आणि हाती असलेला प्रभाव तिनें क्वचितच वापरल्याचा गौरवपूर्वक उल्लेख आहे. अर्थात् राजमातेविषयीं सिनेटनें काढलेले उद्गार म्हणजे वेदवाक्य नव्हे. तोंडपुजेपणांत ती सभा तेव्हां बरीच निष्णात झाली होती. शिवाय त्याच ठरावावरून दिसतें कीं पायसोच्या पत्नीला तिच्याच शब्दाखातर क्षमा मिळाली, म्हणजे टॅसिटस त्या बाबतींत खोटें बोलत नव्हता. शब्द टाकून काम करून घेणारी, मैत्रिणीला फांसातून सोडविणारी, राजकारण जाणणारी बाई या पत्र्यांतून दिसते. विष कालविणारी दिसत नाहीं.

मग ग्रेव्ह्जनें आणि त्याच्यामागून पुलमननें हा अन्याय नकळत केला काय? मुळींच नाहीं. मालिकेंतील आमच्या विशेष आवडीच्या एका प्रसंगांत तरुण क्लॉडियसला ग्रंथालयांत लिव्ही आणि पोलिओ हे दोन वृद्ध इतिहासकार भेटतात. एकाचा इतिहास सुंदर, दुसऱ्याचा खरा. क्लॉडियसची पसंती पोलिओच्या खरेपणाकडे झुकते, आणि जिवंत राहावयाचें असेल तर लंगडणें व तोतरेपणा वाढवून ठेव असा सल्ला पोलिओ त्याला देतो. म्हणजे लेखकानें पोलिओचा झेंडा हातीं घेतला आणि पाऊल टाकलें लिव्हीच्या वाटेनें. सुंदर गोष्ट सत्याच्या शपथेवर सांगितली, हा त्याचा गुन्हा.

आणि तरीहि (येथें आमची स्थिति फिर्यादीनेंच आरोपीच्या प्रेमांत पडावें तशी होते) शान फिलिप्सची लिव्हिया आम्हांस त्या मालिकेंतून काढून टाकवत नाहीं. वाढदिवसाच्या जेवणाला ती क्लॉडियसला बोलावते. आपल्याला मरणोत्तर देवत्व मिळवून द्यावें एवढी तिची मागणी आहे, कारण केलेल्या कृत्यांबद्दलच्या शिक्षेंतून तेवढाच सुटकेचा मार्ग उरला आहे. मोबदल्यांत क्लॉडियस विचारील त्या प्रश्नाचें खरें उत्तर द्यावयाला ती तयार होते. तो एकेक नांव घेतो, ती होय किंवा नाहीं म्हणते. इतिहासकाराला असा साक्षीदार कोठें मिळतो! जेकोबीच्या चेहऱ्यावर त्या वेळीं नातवाचा थरकांप आणि संशोधकाचा हावरेपणा एकदमच दिसतो. आपण हें रोममधल्या यादवी पुन्हां माजूं नयेत म्हणून केलें, असें ती म्हणते, आणि आपल्याला तें क्षणभर पटतें. मुलावर आणि नातवंडांवर राज्य करणाऱ्या, कोणाला कांहीं सांगावयाची सोय नसलेल्या बाईचा तो एकटेपणा खरा आहे. ज्या लिव्हियेनें तो भोगला ती हीच, एवढें फक्त खरें नाहीं. प्रत्यक्षांतील क्लॉडियसनें इ. स. ४२ मध्यें तिला देवत्व दिलें, हें मात्र इतिहासांत नमूद आहे.

लिव्हिया गेल्यावर मालिकेचा कणा मोडतो. जॉर्ज बेकरचा कुढा टायबेरियस आणि पॅट्रिक स्टुअर्टचा सेजानस यांनीं कांहीं काळ ती सांवरून धरली आहे. जॉन हर्टचा कॅलिग्यूला पहिल्यांदा भीतिदायक आणि नंतर केवळ किळसवाणा होतो. बहिणीच्या मृत्यूचा प्रसंग तर पुलमनची स्वतःची भर आहे. स्वेटोनियसच्या चहाडखोर लेखणीलाहि तो सुचला नव्हता. बी. बी. सी. ला तो प्रक्षेपणाच्या दिवशींहि पुन्हां कातरावा लागला, यांत सर्व आलें. क्लॉडियस सम्राट् झाल्यावर तर शयनगृहाबाहेर पडावयाला मालिकेला फारशी सवडच होत नाहीं. मेसालिनेचे चाळे पुरे पडतात. ब्रिटनची स्वारी (इ. स. ४३) दोन वाक्यांत उरकते. इ. स. ४८ मध्यें गॉलमधील सरदारांना सिनेटमध्यें घ्यावें म्हणून या तोतऱ्या सम्राटानें भाषण केलें; त्याचा ब्राँझवर कोरलेला भाग १५२८ सालीं लिऑन येथें सांपडला. तो वाचला म्हणजे रोमचे जुने राजेहि बाहेरूनच आलेले होते हें विषयांतर करकरून पटवूं पाहणारा, थोडा कंटाळवाणा, पण उदार अंतःकरणाचा एक विद्वान् आपल्याशीं बोलत आहे असें वाटतें. आम्हां शिक्षकांना तर तो अगदीं आपला माणूस वाटतो. अशा क्लॉडियसला मालिकेंत जागा फार थोडी मिळाली आहे. राजवाड्यांतल्या भाऊबंदकीला गिऱ्हाईक अधिक, हें दूरचित्रवाणीच्या धंद्यानेंहि लवकरच ओळखलें. अमेरिकेंत १९८१ सालीं सुरू झालेल्या 'डायनॅस्टी' या श्रीमंतांच्या कलहमालिकेची स्फूर्ति तिच्या लेखिकेनें या रोमन घराण्याकडूनच घेतली होती.

कॅलिग्यूलाचे भाग मुलांसमवेत पाहूं नयेत, एवढी सूचना पालकांना करून ठेवतों. मोठ्यांनीं मात्र मालिका पाहावी, आणि स्वेटोनियसचें पुस्तक जवळ ठेवावें. त्याचें इंग्रजी भाषांतर १९५७ सालीं खुद्द ग्रेव्ह्जनेंच केलें आहे. आमच्या घरीं ऑगस्टसच्या मृत्यूचा भाग संपल्यावर आम्ही त्यांतील तीं पानें काढून वाचून दाखविलीं. तेथें विष नाहीं, अंजिरें नाहींत. म्हातारा ऑगस्टस लिव्हियेचें चुंबन घेतो, आपल्या संसाराची आठवण ठेव असें तिला सांगतो आणि प्राण सोडतो. वहिनींनीं तें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "बरं, मग अंजिरं कुणी आणली होती?"