‘२२ जून १८९७’ : प्लेगपटाचे जीवाणूशास्त्रीय वाचन

नचिकेत व जयू पटवर्धन दिग्दर्शित ‘२२ जून १८९७’ (१९७९) हा चित्रपट चाफेकर बंधूंनी केलेल्या रँडवधावर आधारित आहे. त्यात प्लेग ही पार्श्वभूमी, तर घरझडतीतून होणारी मानहानी हा गाभा ठरतो. समीक्षेने यापुढे जाणे आवश्यक आहे. यर्सिन यांनी १८९४ मध्ये जीवाणू ओळखला होता. परंतु उंदरावरील पिसू त्याची वाहक असल्याचे सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखविले. म्हणजेच पथके घरोघर रुग्ण शोधत होती आणि वाहक मात्र नजरेआड राहिला. १९९४ मध्ये आपल्या बीड जिल्ह्यातील मामला येथे प्लेग उद्भवला, तेव्हा हे ज्ञान आणि प्रतिजैविके दोन्ही हाताशी होती. सबब, सदर चित्रपट सूक्ष्मजीवशास्त्राच्या वर्गातही अभ्यासला जावा. ज्ञानाची उणीव बळाने भरून निघत नाही, हाच त्याचा आजचा अर्थ होय.