मनुस्मृतीचे वाचन आणि मनुस्मृतीविषयीची मते

मनुस्मृतीविषयी काहीच मत नसलेला सुशिक्षित मराठी मनुष्य विरळा; तो ग्रंथ आरंभापासून अखेरपर्यंत वाचलेला त्याहूनही विरळा. २०२४ साली महाराष्ट्राच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात या ग्रंथातील एक श्लोक उद्धृत झाला आणि मोठा वाद माजला. श्लोक दुसऱ्या अध्यायातील १२१ वा. वडीलधाऱ्यांना नित्य अभिवादन करणाऱ्याचे आयुष्य, विद्या, यश आणि बल वाढते, एवढाच त्याचा आशय. एका पक्षाचे म्हणणे, यात आक्षेपार्ह ते काय? दुसऱ्याचे म्हणणे, श्लोक मनूचा आहे, एवढेच पुरे. त्या श्लोकाच्या मागेपुढे काय आहे, हा प्रश्न मात्र चर्चेच्या कडेलाच राहिला.

वास्तविक उत्तर तेथेच आहे. हा श्लोक सुटे सुभाषित नसून अभिवादनाच्या विधीचा एक भाग आहे. पुढे १२५ व्या श्लोकात, नमस्कार करणाऱ्याला आशीर्वाद देताना त्याच्या नावातील अंत्य स्वर प्लुत, म्हणजे तीन मात्रांचा उच्चारावा, असे सांगितले आहे. १२६ व्यात म्हटले आहे की ज्या ब्राह्मणाला हे प्रत्यभिवादन येत नाही त्याला विद्वानाने अभिवादन करू नये. तो शूद्रासारखाच होय. १२७ व्यात विचारपुशीचे शब्दही वाटून दिले आहेत : ब्राह्मणाला ‘कुशल’ विचारावे, क्षत्रियाला ‘अनामय’, वैश्याला ‘क्षेम’ आणि शूद्राला ‘आरोग्य’. पाणिनीनेही आठव्या अध्यायात प्रत्यभिवादनातील प्लुत सांगताना शूद्राला वगळले आहे. स्वराच्या मात्रेलाही वर्ण होता, असा याचा अर्थ. (मराठीने पुढे ब्राह्मणाचे ‘कुशल’ आणि वैश्याचे ‘क्षेम’ एकत्र करून ‘क्षेमकुशल’ हा शब्द सर्वांनाच देऊन टाकला, ही भाषेची मौज.) तेव्हा केवळ १२१ वा श्लोक वाचून त्याला निरुपद्रवी म्हणणारा चुकतो, आणि न वाचताच त्याला धिक्कारणारा आपल्या हाती असलेला सर्वांत बळकट पुरावा वाया घालवतो.

हाच प्रकार तिसऱ्या अध्यायातील ५६ व्या श्लोकाचा. स्त्रियांची जेथे पूजा होते तेथे देवता रमतात, हे वचन मनूच्या समर्थनार्थ नेहमी पुढे केले जाते. मराठी वाचकाला ‘पूजा’ म्हटल्याबरोबर गंध, फूल, निरांजन दिसते. संस्कृतात या धातूचा अर्थ मान राखणे असा व्यापक आहे, आणि येथे तो कसा राखावयाचा हे ५९ व्या श्लोकात स्पष्ट केले आहे : सणासमारंभांत दागिने, वस्त्रे आणि भोजन देऊन. तसे करणारे कोण, हे ५५ व्या श्लोकात आहे : बाप, भाऊ, पती आणि दीर, आणि तेही स्वतःचे कल्याण इच्छिणारे. कर्ते पुरुष आहेत. स्त्री हे कर्म आहे.

उलट बाजूने नवव्या अध्यायातील तिसरा श्लोक घ्यावा. स्त्री स्वातंत्र्यास पात्र नाही, या वचनाचे समर्थक सांगतात की तेथे ‘रक्ष्’ धातू आहे, म्हणून हे संरक्षण होय. परंतु पाचव्या आणि सातव्या श्लोकांत तोच धातू पाळत ठेवण्याच्या अर्थाने येतो. संततीची आणि कुळाची शुद्धी हा तेथील हेतू आहे. दुसऱ्या श्लोकातील ‘कार्याः’ हे रूप तर अधिकच बोलके आहे. स्त्रिया परतंत्र ‘असतात’ असे तेथे म्हटलेले नाही. त्या परतंत्र ‘कराव्यात’ असे म्हटले आहे. पारतंत्र्य हे करावे लागते, याची जाणीव शास्त्रकाराला होती. गंमत अशी की बाराव्या श्लोकात तोच शास्त्रकार कबूल करतो की विश्वासू माणसांनी घरात कोंडलेल्या स्त्रिया खऱ्या अर्थाने रक्षित नसतात. ज्या स्वतःच स्वतःला जपतात त्याच रक्षित. हा बारावा श्लोक निषेधाच्या भाषणांतही ऐकू येत नाही आणि समर्थनाच्याही.

जे मनूत नाही तेही मनूच्या नावावर खपते. वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसे ओतण्याचा दंड गौतमधर्मसूत्राच्या बाराव्या अध्यायातील आहे. मनूच्या आठव्या अध्यायातील २७२ वा श्लोक सांगतो तो दंड वेगळा : दर्पाने ब्राह्मणांना धर्मोपदेश करणाऱ्या शूद्राच्या तोंडात व कानांत तापलेले तेल घालावे. क्रौर्य कमी होत नाही. गुन्हा आणि ग्रंथ मात्र बदलतो. दुसऱ्या बाजूस, जन्माने सर्वच शूद्र असतात आणि संस्काराने द्विज होतात, हे वचन मनूचे म्हणून सांगितले जाते. प्रचलित पाठात ते नाही.

‘आधी वाचा, मग बोला’ ही अपेक्षा रास्त असली तरी तिचा इतिहास विसरून चालत नाही. या शास्त्राचे अध्यापन ब्राह्मणाने करावे, अन्य कोणी करू नये, असे पहिल्या अध्यायातील १०३ वा श्लोक सांगतो. ज्याचे संस्कार समंत्रक होतात त्यालाच याचा अधिकार, असे दुसऱ्या अध्यायातील १६ वा. ज्यांना वाचण्याचीच बंदी होती त्यांना न वाचल्याचा दोष देणे हा उद्धटपणा होय. नवी मुंबईचा दक्षिण भाग ज्या रायगड (तेव्हाच्या कुलाबा) जिल्ह्यात येतो, त्याच जिल्ह्यात महाड येथे २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळण्यात आली. ठराव गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे या ब्राह्मण कार्यकर्त्याने मांडला होता. त्या दहनामागे अज्ञान होते असे म्हणणाऱ्याने डॉ. आंबेडकरांचे नंतरचे लेखन पाहावे; त्यात मनूचे श्लोक अध्याय आणि क्रमांकानिशी येतात. वाचनाने विरोध मवाळ होतोच, ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

शूद्रांच्या उत्पत्तीवरील १९४६ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत डॉ. आंबेडकरांनी आपल्या संस्कृत ज्ञानाची उणीव मान्य केली आणि संस्कृत वाङ्मय बहुतेक इंग्रजीत आले असल्याने पंधरा वर्षांचा अभ्यास पुरेसा ठरावा, असे म्हटले. पंडितवर्गाला हे पटणार नव्हते. भाषाशास्त्राच्या दृष्टीने मात्र त्यांचे म्हणणे ग्राह्य आहे. ब्यूलरचे १८८६ चे इंग्रजी भाषांतर टीकाकारांच्या आधाराने कंसात शब्द घालते, आणि तेथे वाचक सावध होतो. मराठी वाचकाला मुळातील ‘पूजा’, ‘स्वातंत्र्य’, ‘रक्षण’ हे शब्द ओळखीचे वाटतात. तो थांबत नाही, आणि तेथेच फसतो. तत्सम शब्दांची ही ओळख परकेपणापेक्षा अधिक घातक आहे.

१८८६ सालीच विश्वनाथ नारायण मंडलिकांनी मुंबईत मेधातिथी, कुल्लूक आदींच्या टीकांसह मूळ ग्रंथ छापला. ऑलिव्हेल यांची २००५ ची संशोधित आवृत्ती पन्नासाहून अधिक हस्तलिखितांवर उभी आहे. मराठीत भाषांतरे आहेत. पण वादग्रस्त श्लोकाच्या मागचेपुढचे दहा श्लोक, टीकाकारांतील मतभेद आणि तत्सम शब्दांचे मनूच्या काळातील अर्थ एकत्र देणारी आवृत्ती विद्यापीठाच्या विभागांनी हाती घ्यावयास हवी. आरंभ दुसऱ्या अध्यायातील अभिवादनप्रकरणापासून करता येईल.